पूर्वेकडे तोंड करून

२ डिसेंबर
जळगावहून साडूचा फोन. प्रेमराज म्हणाला, "लोटनराव, मयुरीला परीक्षेपर्यंत आमच्याकडे पाठवा. आमचा ललित शिकायला पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच आहे. टेबल आहे, टेबल लॅम्प आहे." टेबल लॅम्प हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू धुळ्यात अजून वीज यायची आहे.

साफ नाही म्हणालो. माझी मुलगी बारावी देईल ती माझ्या घरात, माझ्या दिव्याखाली.

दिवा घ्यावा लागेल एवढंच. ट्यूब मयुरीच्या पाठीमागे येते, तिच्या डोक्याची सावली वहीवर पडते. ती म्हणाली, टेबल फिरवून बघू का? म्हणालो, अभ्यास पूर्वेकडे तोंड करूनच होतो. मीही बारावीला पूर्वेकडेच तोंड करून बसलो होतो. (दोनदा.)

संकल्प : दिवा स्वस्त, मजबूत आणि हवा तसा वळणारा. रविवारपर्यंत.

५ डिसेंबर
अभ्यास चालू. माझा. दिव्यांवरचे व्हिडिओ पाहतो आहे. ल्युमेन म्हणजे काय ते कळलं, केल्विन अर्धवट कळलं. मयुरी म्हणाली, "बाबा, कोणताही चालेल." या 'कोणताही चालेल'ने देशाचं किती नुकसान झालं, यावर तिला तासभर समजावलं. तिचा तास गेला हे बायकोचं, सारिकाचं म्हणणं. माझ्या मते सत्कारणी लागला.

७ डिसेंबर, रविवार
पाचकंदील पालथा घातला. नावात पाच कंदील, आणि दुकानांत एकही धड दिवा नाही. पहिल्या दुकानात विचारलं, गॅरंटी किती? म्हणाला, "पायरी उतरेपर्यंत." निदान खरं बोलला.

शेवटी अभिमनच्या दुकानात गेलो. शाळेतला मित्र. त्याला सांगितलं, मजबुती मी स्वतः तपासणार. स्प्रिंगवाला दिवा होता. मान वर केली, खाली केली, डावीकडे, उजवीकडे, मग पूर्ण मागे. मागे नेताना 'कट्ट' असा भरीव आवाज आला. अभिमनने तोच दिवा न्यायचा आग्रह धरला. आग्रह जरा मोठ्या आवाजात होता, पण जुनी मैत्री आहे.

निवड झाली. माझ्या बजेटात बसली.

८ डिसेंबर
उजेड अप्रतिम. मान मात्र हळूहळू खाली येते आणि पुस्तकाला टेकते. सारिका म्हणाली, "फिजिक्सच्या पाया पडतोय." स्प्रिंग नवीन आहे. रुळेल.

११ डिसेंबर
रुळली नाही. चिकटपट्टी लावली. रबर लावले. कपड्यांचे चिमटे लावले. मयुरीने कंपासपेटी, शब्दकोश आणि माझा चष्म्याचा डबा एकावर एक रचून मान टेकवली. तात्पुरत्या उपायांनी माणूस आळशी होतो. मी ते काढून टाकले.

ती आता स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाचते. हवापालट.

१४ डिसेंबर
सुचलं! दांड्याच्या मागच्या टोकाला वजन बांधायचं. पुढे मान, मागे भार, मध्ये समतोल. हे मयुरीच्याच पुस्तकात आहे. तिने अजून तिथवर वाचलेलं दिसत नाही.

कुलूप : हलकं. अर्धी वीट : टेबलावर ओरखडा, सारिकाचा आरडाओरडा. डाळीची पिशवी : उंदीर. मग भाजीबाजारात नजर पडली भरताच्या वांग्यावर. हिरवं, गुळगुळीत, घसघशीत. ओरखडा नाही, आवाज नाही, आणि देठाला सुतळी बांधायची सोय निसर्गानेच केलेली.

कमलबाई वांगं तोलत म्हणाली, "भाऊ, भरीत करनं शे का?" म्हणालो, नाही, टेबल लॅम्पला बांधायचंय. तिने तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, घर बठ्ठं बरं शे ना?" घरी सगळं बरं आहे, म्हणालो.

दिवा ताठ! ढळला नाही! प्रेमराजला फोटो पाठवला. वांगं फोटोत येऊ दिलं नाही. मागचं तंत्र सगळ्यांना कशाला दाखवायचं.

१९ डिसेंबर
मान पुन्हा किंचित खाली. दिवा निर्दोष आहे, वांगं सुकतंय. भार कमी पडला की रोज एक हिरवी मिरची सुतळीला खोवायची. अचूक काम होतं.

२३ डिसेंबर
मिरच्यांनी भागेना. लसणाचा गड्डा बांधला. आज कांद्याची पात. सारिका म्हणाली, "भरताला आता फक्त शेंगदाणे राहिले." चेष्टा करणाऱ्यांची गावात वानवा नाही, घरातही नाही.

मयुरी काही म्हणत नाही. म्हणजे सोय झाली.

२६ डिसेंबर
प्रेमराज मंडळींना रविवारी भरीत खायला बोलावलं. खरं कारण दिवा. जळगावकराला एकदा दाखवायचंच. दिव्यासाठी ताजं वांगं बांधलं, सर्वांत देखणं. मिरच्यांची गरज उरली नाही.

२८ डिसेंबर, रविवार
गच्चीवर कपाशीच्या काड्यांचा जाळ, धूर, धोपाटण्याखाली मिरच्या. प्रेमराज सहकुटुंब येणार होता. भावाचंही कुटुंब घेऊन आला. तरी भरीत पुरलं. सारिकाचा हात मोठा.

प्रेमराजने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "लोटनराव, जळगावात राहून असं वांगं खाल्लं नाही!" धुळ्याचं आहे, म्हणालो. मान ताठ. माझी.

मग सगळ्यांना खोलीत नेलं. दिवा लावला, मान वर केली, हात सोडला. प्रेमराज पुस्तक बघायला वाकला होता. दिवा सरळ त्याच्या टकलावर आला. उजेड सर्वत्र छान पसरला.

मागे पाहिलं. सुतळी रिकामी लोंबत होती. सारिका म्हणाली, "एक वांगं कमी पडत होतं. मला वाटलं, एवढं चांगलं वांगं सुकवण्यापेक्षा..." प्रेमराज डोकं चोळत बोटं चाटत होता.

कोणीतरी हसलं. मग सगळेच. मयुरी हसली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, इथे मी अभ्यास करू की दिवा सांभाळू?"

संध्याकाळी त्यांच्या गाडीतून गेली. पुस्तकांची पिशवी मीच खाली नेऊन दिली. म्हणालो, पुढच्या रविवारपर्यंत दिवा दुरुस्त होईल. म्हणाली, "हो बाबा."

३० डिसेंबर
मयुरीचा फोन. अभ्यास छान चाललाय. मी सहज विचारलं, तिकडचा दिवा कोणत्या कंपनीचा?

म्हणाली, "तो बिघडलाय बाबा, कधीचा माळ्यावर आहे. ट्यूबखालीच बसते. मावशीने टेबल फिरवून दिलं. सावली पडत नाही."

कोणत्या दिशेला फिरवलं, ते विचारलं नाही.

खोलीत गेलो. टेबल फिरवून पाहिलं. जड नव्हतं, एका हाताने फिरलं. तिथेच बसून हे लिहितोय. तोंड पश्चिमेकडे. सावली खरंच पडत नाही.

दिवा तरी लावलाय. उजेड उत्तम. फक्त डाव्या हाताने धरावा लागतो.