केंद्र उघडं होतं

बाई, मंगळवारी मला मुंबईला जायचं आहे. आज रविवारच आहे, तरी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि सकाळपासून तीनदा उघडून पाहिली आहे. आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, टोपी. सून म्हणते, आबा, कार्ड काही पळून जात नाही. तिला काय सांगू, मला कार्डाची काळजी नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर मला दोन मिनिटं बोलायचं आहे, आणि बोलायला म्हणून जे लिहून दिलं आहे त्यातलं एक वाक्य खोटं आहे. ते वाक्य तुमचं आहे. तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. खोटं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. तुम्हाला जाऊनही आता वीसेक वर्षं होत आली. तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं, ते नातीच्या दुरेघी वहीत लिहितो आहे.

आमची सून इथे मोशीत आशा सेविकेचं काम करते. तुमच्या वेळी आशा नव्हत्या. वस्तीत फिरायचं, कोणाला दिवस गेलेत, कोणाला नको आहेत, कोणाला दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवायची आहे ते हळूच विचारायचं आणि दवाखान्यापर्यंत पोचवायचं, हे काम तेव्हा उपकेंद्राच्या नर्स म्हणून तुम्हीच करायचात आणि मी, शिपाई, औषधांची पेटी घेऊन मागून चालायचो. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या मुली इथे एकेका खोलीत सहा-सहा राहतात, त्यांच्यात तिचा दिवस जातो. बायकांच्या आरोग्यासाठी भांडणारी एक संघटना आहे, तिच्यात ती जाते. त्यांनी मागण्यांचा कागद केला आहे. गोळ्या, तांबी, इंजेक्शन प्रत्येक केंद्रात बारा महिने पाहिजे. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात गर्भपाताचं शिक्षण घेतलेला डॉक्टर पाहिजे. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळा पैसा पाहिजे आणि तो त्याच कामाला लागला पाहिजे. मला हे सगळं पाठ झालं आहे. दिवाळीत तिने माळा झाडताना माझी पत्र्याची पेटी उघडली आणि त्यात तुमच्या अर्जांच्या कार्बन कॉपी सापडल्या. ती फरशीवरच बसून वाचत राहिली. म्हणाली, "आबा, हे तुमचं अक्षर? अहो, हे सोनं आहे. तुम्हीच चला बोलायला." मी म्हणालो, मी सातवी नापास माणूस, मी काय बोलणार. पण खरं सांगतो, आतून फुगलो होतो. त्याच वेळी ते कागद परत पेटीत ठेवायला मी हातही पुढे केला होता.

माझं अक्षर तुम्हीच वळवलंत. उपकेंद्राची ती मागची खोली मला दिसते. दोन स्टोव्ह, एकावर सुया उकळतायत, दुसऱ्यावर चहा. तुम्ही स्टुलावर बसून पाय चोळताय आणि म्हणताय, "शिपाईबुवा, पातेलं बदललंत तर आपल्या दोघांपैकी एकजण आज मरेल." मी तांबडा होऊन दोन्ही पातेली पुन्हा घासायला घेतो. त्याच खोलीत तुम्ही मला भांडाराचं पत्र वाचून दाखवलं होतं. मागणीपत्र मी लिहिलं होतं, पहिल्यांदाच, आणि त्यात लिहिलं होतं, "तांब्या, पन्नास." एक तांबी, पन्नास तांब्या, माझं काय चुकलं? जिल्ह्याच्या भांडारातल्या कोणा कारकुनाने उत्तर धाडलं की पाणी पिण्याची भांडी या कार्यालयाकडून पुरवली जात नाहीत, ग्रामपंचायतीकडे मागणी करावी. तुम्ही इतक्या हसलात की चहा ओतू गेला. मीही हसलो. मग तुम्ही पत्र खाली ठेवलंत.

"हसू नकोस," तुम्ही म्हणालात. "दोन महिने गेले यात. या दोन महिन्यांत ज्यांना दिवस गेले असतील, त्यांना काय सांगू? आमच्या शिपायाने तांबे मागवले होते?"

मी ओतू गेलेला चहा पुसायला घेतला.

"कागदावर आपण लिहितो, पण वाचणारा दुसराच असतो. कागद पुरा पाहिजे. नाव पुरं, आकडा पुरा, सही पुरी. सही नसलेला कागद म्हणजे कागदच नव्हे. कळलं का रे?"

कळलं म्हणालो. पुढच्या आठवड्यात तुम्ही चाकणच्या बाजारातून माझ्यासाठी दुरेघी वही आणलीत. मिशा फुटून दहा वर्षं झालेला, दोन मुलांचा बाप मी, आणि दुपारी दार लोटून पहिलीच्या पोरासारखा गिरवत बसायचो. कोणी आलं की वही सुयांच्या डब्याखाली सरकवायचो. बायको म्हणायची, "आता काय कलेक्टर होताय का?" पण तिलाही माझ्या अक्षराचा अभिमान होता. तेव्हापासून मला कागदाची भीती बसली. कागद अपुरा राहिला तर कोणाचं तरी वाटोळं होईल असं वाटायचं. प्रत्येक रकाना भरला का, सही झाली का, शिक्का उमटला का. कुटुंबनियोजनाच्या शिबिरातल्या ऑपरेशनचे कागद मी भरायचो, त्यांत नवऱ्याच्या सहीची जागा असायची. एकदा ती रिकामी राहिली म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांदेखत मला झापलं होतं. ते मी विसरलो नाही. तुमच्यावर ढकलत नाही, बाई. तसं वाटत असेल तर हे पान मी फाडून टाकतो. मला फक्त सांगायचंय की मी निष्काळजी नव्हतो. मी फार काळजी घेत होतो, आणि तेच नडलं.

आता मी उठून एकदा दारापर्यंत जाऊन आलो. कंपनीची बस मुलींना सोडून गेली. परत बसतो.

ज्या दिवसाबद्दल ते खोटं वाक्य आहे, त्या दिवशी तुम्ही जिल्ह्याला मीटिंगला गेला होतात. जाताना नेहमीसारखं ड्रॉवर दाखवलंत. त्यात सही केलेल्या चार-पाच कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. "कोणी अडली तर थांबवू नकोस. चिठ्ठी भर आणि मोठ्या दवाखान्यात पाठव. तिथल्या डॉक्टरीणबाई बघतील." दुपारी बारा-साडेबाराला एक बाई येते. चाकणच्या माळावर तेव्हा कंपन्यांच्या शेडी नुकत्याच उभ्या राहत होत्या, त्या कामावरची. पाय गुडघ्यापर्यंत सिमेंटने पांढरे. दारातच उभी राहते.

"बाई हायती का?"

"मीटिंगला गेल्यात. काय काम?"

ती इकडेतिकडे बघते. मग सरळ माझ्याकडे बघून सांगते, "दिवस गेल्यात. नगं हायत. दोन लेकरं हायती, तिसरं न्हाई जमत."

"नवऱ्याची सही आणलीय का?"

"कशावर?"

"कागदावर. सहीबिगर काय होत न्हाई."

"त्यो गावाकडं गेलाय. पोळ्याला येतो म्हणलाय."

"मग पोळा झाल्यावर या."

ती हसली, बाई. रागावली नाही, हसली. म्हणाली, "दादा, पोळ्यापतुर थांबतंय व्हय ते?"

मी म्हणालो, आमच्या हातात न्हाई. ती माठाजवळ गेली, पाणी प्यायली, पेला पालथा घातला आणि गेली. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चिठ्ठीला तर कोणाचीच सही आणायची नव्हती. तिच्यावर सही होतीच. तुमची.

आठ-दहा दिवसांनी मुकादमाने चहाच्या टपरीवर सांगितलं. शेडीवरच्या एका बाईने कोणाकडून तरी औषध घेतलं, रक्त थांबलं नाही, पिंपरीला नेता नेता टेम्पोतच गेली. तुम्ही तशाच तिथे गेलात, पण तिची माणसं तिला घेऊन गावी निघून गेली होती. परत आलात तेव्हा पदराने मान पुसत होतात. "ती आपल्याकडे आली होती म्हणतात रे. कधी?"

"तुम्ही मीटिंगला होता तवा."

"मग?"

मी म्हणालो, "मी जेवायला घरी गेलो होतो. कुलूप होतं."

तुम्ही मला रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "तुझं काय चुकलं? माणसाने जेवायचं नाही का? दोघांत केंद्र चालतं का कुठे?" आणि कागद पुढे ओढून मला सांगायला लागलात: कर्मचारी अपुरे असल्याने केंद्र बंद होते व एका महिलेस परत जावे लागले, तरी नर्सचे दुसरे पद तातडीने भरावे. मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं. जिल्ह्याला गेलं, पुण्याला गेलं, मुंबईला मंत्र्यांपर्यंत गेलं. दर वर्षी तोच अर्ज, तेच वाक्य, माझ्याच हातचं. त्यानंतर तुम्ही रजा घेतली नाहीत. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला कोकणात गेला नाहीत. "मी गेले आणि कोणी आली तर?" असं म्हणायचात आणि मी चहा गाळत असायचो. शेवटी दुसरी नर्स आली, तुम्ही निवृत्त व्हायच्या वर्षी. माझ्या खोट्या वाक्यावर खरी नर्स आली, यात मी बरीच वर्षं समाधान मानलं. पण तुमच्या न घेतलेल्या रजा त्यात धरल्या नव्हत्या.

काल मी सुनेला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी म्हणालो, ते वाक्य मला म्हणता येणार नाही.

"कोणतं? केंद्र बंद होतं ते? आबा, सगळं भाषण त्याच्यावर उभं आहे."

"केंद्र उघडं होतं. मी बसलो होतो."

मग सगळं सांगितलं, चिठ्ठीपर्यंत. तिने हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "कळतंय का आबा तुम्हाला? माणूस होता, चिठ्ठी होती, पुढे डॉक्टरही होती. साहेब म्हणतील, मग पैसे कशाला मागता? तुमचा शिपाईच नीट नव्हता."

"म्हणू देत."

"तुम्हाला म्हणतील त्याचं काही नाही हो. त्या पोरींच्या गोळ्यांचं काय?"

मी विचारलं, माझी पेन्शन बंद करतील का. ती इतकी वैतागली की हसायलाच लागली. "तुमच्या पेन्शनीला कोण हात लावतंय!" मग पुन्हा निवडायला लागली आणि वर न बघता बोलली. मागच्या महिन्यात तिच्या फिरतीतली एक मुलगी, कंपनीत कामाला, लग्न झालेली, नवरा बिहारमध्ये. गर्भपातासाठी गेली तेव्हा एका दवाखान्यात तिला नवऱ्याची सही आण म्हणून सांगितलं. "नियम मला पाठ आहे आबा. भांडायला पाहिजे होतं. पण दहा जणांची रांग मागे, आणि मीच तिला म्हटलं, जाऊ दे बाई, फोन लाव त्याला, बोलावून घे, कशाला कटकट." मुलगी पुन्हा आली नाही. खोलीही सोडली म्हणतात.

मीही मेथीची एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग मीच म्हणालो, डॉक्टरांना शिकवतात, नर्सला शिकवतात, त्याला पैसा असतो. दारावर बसणाऱ्याला कोणी शिकवतं का? बाई पहिली त्यालाच भेटते. ती म्हणाली, "थांबा," आणि हात न धुताच कागद घेऊन आली. मागण्यांच्या खाली पेनाने लिहिलं: दारावरच्या माणसालाही प्रशिक्षण द्या, आणि प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा की नवऱ्याची सही लागत नाही. संघटनेच्या ताईंना हे चालेल का, माहीत नाही. कालपासून त्यांचा फोन लागत नाही. मंगळवारी ताई म्हणाल्या जुनंच वाचा, तर मी काय करणार? माईक कसा धरतात तेही मला माहीत नाही. पण माझ्या कागदावर मी ते वाक्य खोडलं आहे आणि त्याच्या वर लिहिलं आहे, केंद्र उघडं होतं. अक्षर तुमच्या वळणाचंच आलं आहे.

हे तुम्हाला कुठे धाडू? वही परत नातीच्या दप्तरात ठेवायची आहे, त्याआधी ही पानं काढून पत्र्याच्या पेटीत तुमच्या अर्जांखाली ठेवीन. एक राहिलं. सुनेने विचारलं, "आबा, त्या बाईचं नाव काय होतं? तिथे घ्यायचं नाही, पण आपल्याला माहीत असावं." मी म्हणालो, आता आठवत नाही. बाई, विसरायला ते मला माहीत कुठे होतं? चिठ्ठीवर पहिला रकाना नावाचाच होता, आणि मी तिला नवऱ्याची सही मागितली, नाव विचारलंच नाही.