बेथलेहेम की नाझरेथ

पप्पा, काल खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मलिदा होता. त्यांची नात मोठ्या दुखण्यातून उठली, म्हणून बोललेला नवस. तीच मोठी परात, साखर-खोबरं घातलेले पोहे, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. आणि काकांचे सगळे बेने इस्रायली ज्यू नातेवाईक एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणताहेत, गातात हिब्रूत आणि मध्येच एकमेकांना मराठीत सांगतात, अगं पंखा लाव जरा. तुम्ही असताना होतं तसंच सगळं. फक्त भिंतीकडेची तुमची खुर्ची मला दिली होती. तिथं बसल्यावर जे झालं ते तुम्हाला सांगायचंय, पण आधी मागचं सांगते, नाहीतर म्हणाल, हिची गाडी नेहमी मधूनच सुरू होते.

तुमचा आणि काकांचा वाद अख्ख्या बिबवेवाडीला पाठ होता. काकांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि शनिवारी सगळी पेठ गर्दीने फुललेली असताना यांचं शटर खाली. संध्याकाळी शब्बाथ संपला की ते वर यायचे. तुम्ही कात्रजच्या डेअरीतून नुकते आलेले असायचात, अंगाला दुधाचा वास. आई चहा टाकायची, आणि तुम्ही दोघं बसायचात. तुमचं म्हणणं एकच: राजा बेथलेहेमातून येईल असं मीखा संदेष्ट्याने सांगून ठेवलं, आणि प्रभू येशू तिथंच जन्मला, अजून काय हवं? काका बशीत चहा ओतत म्हणायचे, "अहो, संदेष्टे आमचे, भविष्य आमचं, आणि निकाल तुम्ही परस्पर लावून मोकळे! मसीहा येऊन गेला असता तर निदान लक्ष्मी रोड तरी मोकळा झाला असता." शिरगणतीसाठी योसेफ मरियेला घेऊन नाझरेथहून बेथलेहेमला गेला, हेही त्यांना पटायचं नाही. "शिरगणतीवाले आपल्या दारात येतात, आपण कधी पणजोबांच्या गावी जातो का?" तुम्ही म्हणायचात, "रोमन सरकार होतं ते, पुणे महानगरपालिका नव्हे." मग दोघंही हसायचात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

मी एम.ए. इतिहासाला होते तेव्हा काकांच्या मुलाला नोकरी लागली. तेव्हाही मलिदा. प्रार्थना संपत आली, तुम्ही डोळे मिटलेले, आणि चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांपुढे म्हणायचात तसं खणखणीत आवाजात म्हणालात, "येशूच्या नावाने मागतो, आमेन." ज्यूंच्या घरात, एलियाहूच्या परातीपुढे! काकूंचा परातीकडे गेलेला हात तिथंच थांबला. आई पदराने तोंड झाकून खाली बघतेय. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. काकांनी तुमच्याकडे शांतपणे बघितलं. "नाव घेतलंत, ठीक आहे. आता पत्ताही सांगा. बेथलेहेम की नाझरेथ?" सगळे खो-खो हसले. तुमचे कान लाल झाले होते, तरी तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "बेथलेहेम!"

आणि मी म्हणाले, "नाझरेथ."

तिथंच थांबायचं ना! पण नाही. येशूला सगळे नाझरेथचा म्हणूनच ओळखायचे, म्हटलं. सगळ्यात जुन्या लिखाणात त्याच्या जन्मगावाबद्दल अक्षर नाही. जन्माच्या ज्या दोन गोष्टी सांगतात त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्याच्यामागे जे गेले ते ज्यूच होते, राजा बेथलेहेमचा हवा हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून गोष्टीने त्याला तिथं नेलं. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी बोलत होते. तुम्ही मलिद्याचा घास तोंडात घातलात आणि कितीतरी वेळ चावत राहिलात.

मला वाटलं होतं काका शाबासकी देतील. जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "माझी बाजू घेतलीस असं वाटतंय का तुला? मी तुझ्या बापाशी भांडतो, कारण आम्ही दोघंही वाट बघतोय. ते म्हणतात येऊन गेला, पुन्हा येईल. मी म्हणतो अजून यायचाय. तू कुणाची वाट बघतेस?" इतका राग आला मला! मी चुकीचं काय बोलले होते? आजही म्हणेन, काही चुकीचं नव्हतं. मी तरातरा वर निघून गेले.

नंतर तुमचं ते दवाखान्यातलं शेवटचं दुखणं. दुपारची वेळ, खिडकीत ऊन. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही अचानक म्हणालात, "तू खोटं बोलणार नाहीस, म्हणून तुला विचारतो. बेथलेहेम नसेल, तर बाकीचं उरतं का गं?" तुमच्या आवाजात वाद नव्हता. आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस मला विचारत होता, आणि तुम्हाला भीती वाटत होती, पप्पा. ती मला दिसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या, मग तुम्हाला झोप लागली. परत तुम्ही विचारलं नाहीत आणि मग विचारायला राहिलाच नाहीत. इतकी वर्षं झाली, तो प्रश्न माझ्यापाशीच आहे.

काल ती पोर डोक्याला रुमाल बांधून परातीशेजारी बसली होती. मनगटं अगदी काडीएवढी झालीत. पण खोबऱ्याचा तुकडा चोरून खात होती, आणि ते बघून मला भरून आलं. प्रार्थना संपली तशी मी डोळे मिटले आणि म्हणाले, "येशूच्या नावाने मागते, आमेन." मोठ्याने. पुन्हा हात जागीच थांबले. नव्या पिढीला तर काही कळेचना. काका आता फार थकलेत, पण कान शाबूत आहेत. माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्ता?"

आणि पप्पा, दरवर्षी इतिहासाच्या वर्गात मुलांना पुरावा आधी, मत नंतर म्हणून ओरडणारी मी, म्हणाले, "बेथलेहेम."

काकांनी माझ्या ओंजळीत मलिदा घातला. म्हणाले, "शनिवारी वर येतो. चहा टाक. भांडायला कुणी उरलंच नव्हतं."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुराव्याचं विचाराल तर नाझरेथ, त्यात तसूभर फरक नाही, आणि शनिवारी काकांनी छेडलं तर तेच सांगेन. पण बाकीचं उरतं. बेथलेहेम नसलं तरी उरतं. हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण मला ठाऊकच नव्हतं. काल त्या पोरीसाठी मागताना कळलं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. आईला तर नाहीच. रात्री जेवताना तिने विचारलं, "तूही तेच बोललीस म्हणे?" मी म्हटलं, "सवयीने तोंडून गेलं गं." सवयीने गेलं नव्हतं.