तिसरा पुकारा

नमस्कार आज राहू द्या, आबा.

मंगळवारी धुळ्यात, मनाच्या डॉक्टरांकडे, तुम्ही तोंडाला रुमाल बांधून बसला होतात. मीही ओढणी गुंडाळलेली. पण लहानपणापासून तुमच्याकडे कुस्ती शिकलेय. रुमालाबाहेरचे ते चेचलेले कान मी ओळखणार नाही होय?

कंपाउंडरने तुमचं नाव पुकारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हलला नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उठलात ते थेट जिना उतरून गेलात. "जुने पेशंट आहेत, असं कधी करत नाहीत," कंपाउंडर पुटपुटला.

निवड चाचणीत माझंही नाव तीनदा पुकारलं होतं. मी बाथरूममध्ये भिंत धरून उभी होते, श्वास मिळत नव्हता. समोरची न लढताच जिंकली. आणि तुम्ही सगळ्या पोरींसमोर म्हणालात, "हाई बठ्ठं नाटक शे." तेव्हापासून तालमीत कुणी मला जोडीला घेत नाही.

श्वास कसा अडकतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आबा. ठाऊक असून हे सगळं नाटक आहे म्हणालात. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी विसरले असते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुमच्या घरी काकू फोडतील, तालमीत पोरी मोठ्याने वाचतील, आणि मग तुम्हालाही कुणी जोडीला घेणार नाही.

कंपाउंडरला सांगून ठेवलंय, आबांचं नाव खोडू नका. पुढच्या मंगळवारी मी ओढणी न बांधता बसणार आहे. पहिल्याच पुकाऱ्याला उठा.

तुमचीच पैलवान,
हेमांगी