तेरवीचा माईक

मी, सुधाकर भगवानराव उत्तरवार, वय एकाहत्तर, धंदा माईकसेट भाड्याने देणे, राहणार नेरडीगोंडा, जिल्हा आदिलाबाद. उजवा कान गेला, गुडघे गेले, डोके मात्र जागेवर आहे. कोणाच्या दबावाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे.

१. राहते घर पत्नी मनकर्णा हिचे. तिच्या हयातीत मुलगा कुलदीप याने ते विकू नये, गहाण ठेवू नये. मागच्या भिंतीवर शेजारी डोमाजी गोवऱ्या थापतात. तीस वर्षे भांडलो. आता थापू द्या, मी थकलो.

२. बँकेतली ठेव मनकर्णा आणि मुलगी हर्षाली यांना निम्मी निम्मी. जावयांनी सल्ला देऊ नये.

३. दुकान, जनरेटर आणि डीजेचे डबे कुलदीपचे. धंद्याची अक्कल त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे आणि तो ती रोज ऐकवतो.

४. जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि माईक नाल्यापलीकडच्या गावच्या बयनाबाईंना द्यावेत. कुलदीप विचारतो, "बाबा, ते बाई कोन लागते आपली? काऊन देऊन राह्यले?" कोणी लागत नाही. कारण लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी एका मंडल ऑफिससमोर त्यांच्या गावाचे धरणे होते. मागणी नाल्यावर पुलाची. त्या पावसाळ्यात बयनाबाईंची सून बाळंतपणाला निघाली, नाल्याच्या पाण्याने वाट अडली आणि ती काठावरच गेली. बयनाबाई माईकवर आल्या. "सायेब, तुमी म्हनता पानी वसरल्यावर या. माह्या सुनेनं..." एवढेच बोलल्या. समोर बसलेल्या तहसीलदार साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवई वर केली. मी माईकची वायर ओढली आणि "बॅटरी बसली" म्हणालो. लोकांनी मानले. बयनाबाईंनी मानले नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा चालू होता. मग लोक निवेदन देऊन पांगले. पूल आजही नाही.

त्यानंतर पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीचा सरकारी माईक कायम माझा. बोलायचा, बिनहत्यार जमायचा हक्क घटनेने दिला आहे, हे दर वर्षी माझ्याच भोंग्यातून लोकांनी ऐकले. मला ते पाठ आहे. त्या दिवशी मला कोणी धमकावले नव्हते. नुसती भुवई पुरली, याची लाज वाटते.

मागच्या महिन्यात त्यांच्या शेतात गेलो. त्या कापूस वेचत होत्या. हात जोडून विचारले, पुढे काय बोलणार होता? म्हणाल्या, "तुमाले एकट्याले काऊन सांगू? ते चारचौघांत बोलाचं होतं."

५. म्हणून माझ्या तेरवीला, जेवणाआधी, माईक लावावा आणि बयनाबाईंना मानाने बोलवावे. पोलीस परवानगीचा अर्ज लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी भरावी. आल्या तर हवे तितके बोलू द्यावे. माझे नाव घेतले, साहेबांचे घेतले, शिव्या दिल्या, तरी कोणी आडवे येऊ नये. भात थंड झाला तर होऊ द्यावा. कुलदीपने वायरीपासून लांब बसावे.

त्या काय बोलल्या ते मला कधीच कळणार नाही. एवढी शिक्षा वाजवी आहे.

सही: सुधाकर भगवानराव उत्तरवार
आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. मारोतराव, किराणा दुकानदार
२. रेणुकाबाई, निवृत्त शिक्षिका
मुक्काम नेरडीगोंडा, १८ डिसेंबर २०२५