अख्ख्या कागदावर एक अ

बाबा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज बोलायला बसले ती एका अक्षरापायी. फुलचूरच्या विड्या वळणाऱ्या बायकांना मी वाचायला शिकवते. आमगावच्या मालगुजारांनी दिलेला अक्षरांचा तक्ता भिंतीवर आहे. वर गणपती, भोवती वेलबुट्टी, खाली त्यांचं ठसठशीत नाव, आणि मधे अंग चोरून बसलेली अक्षरं. पहिल्याच दिवशी एका बाईनं त्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि मागे जाऊन बसली. पूजेच्या वस्तूवर बोट कोण ठेवणार?

तेव्हा तुमचा कागद आठवला. आई नव्हती, म्हणून तुम्ही मला रोज गोंदियाच्या छापखान्यात नेत होता. एका दुपारी तुम्ही सगळ्यांत मोठा लाकडी ठशाचा अ काढता, अख्ख्या कागदाच्या मधोमध एकटाच छापता आणि माझ्या हातात देता. बाकीचा कागद काय चिमण्यांसाठी ठेवला, म्हणून छापखान्याचे मालक हसतात. मी मात्र दिवसभर त्या अक्षरावर बोट फिरवत राहते, कारण बघायला दुसरं काही नसतंच.

पुढे चौकटीत जुळवलेला मजकूर पाचरी ठोकून आवळायचं काम माझ्याकडे आलं. कोऱ्या जागेतही शिशाचे बुटके ठोकळे भरावे लागतात, आणि पाचर सैल राहिली की ते वर येऊन कागदावर काळे डाग पाडतात, हे तुम्हीच शिकवलं होतं. तरी माझ्या हातून लग्नपत्रिकांचा ढीग नासला. तुम्ही मालकांची बोलणी खाल्लीत, अंगात ताप असताना सगळं पुन्हा छापलंत, आणि मला एवढंच म्हणालात, "पोरी, अक्षरापेक्षा कोरं जास्त आवळा लागते."

तसाच एकटा अ बायकांसाठी छापायचं ठरवलं, पण विलायतेतली लढाई सुरू झाल्यापासून कागद मिळत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात मालगुजारांकडे गेले. ते द्यायला तयार होते, फक्त खाली नाव हवं. मी नाही म्हटलं.

"काऊन?"

"बायका नावालेच हात जोडतेत, मालक. अक्षर राहूनच जाते."

नाव नाही तर कागद नाही, म्हणून ते आत गेले. अडलं माझं खेटर! तशीच छापखान्यात गेले आणि कोपऱ्यातले नासलेले कागद मागून घेतले. त्यांची पाठ कोरीच होती. अ मी स्वतः बसवला, मनगट भरून येईस्तोवर पाचरी ठोकल्या. एकही ठोकळा वर आला नाही. आज त्याच बाईनं तंबाखूनं पिवळं झालेलं बोट अक्षरावरून फिरवलं आणि बाकीची अक्षरं कुठं आहेत, असं विचारलं. म्हटलं, उद्या.

हे पत्र टाकायचं कुठे? माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील. पण एक सांगून टाकते. त्या पत्रिकांची पाचर चुकून सैल राहिली नव्हती. नासलेले कागद तुम्ही मला लिहायला घरी आणत होता, आणि माझे संपले होते.