जिवंत माणसांना गेलेली सांत्वनपत्रं

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

ती. सुमित्रामावशीस,

इथूनच तुझ्या पायांना हात लावते. (खुर्चीतून उठलेले नाही, पण गुडघ्यामुळे तूही पाय पुढे करणार नाहीस, म्हणजे फिट्टंफाट.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली असताना तू गच्चीवर सांडगे घालायला गेलीस, असं आईने लिहिलं होतं. तुला रागावणार होते, पण सध्या माझा सगळा राग ऑफिसच्या कामी येतो आहे, घरच्यांसाठी काही शिल्लक उरत नाही. तुझा जावई चारुदत्त दोन आठवडे ऐकून घेतो आहे. काल म्हणाला, यार, तू हे सगळं मावशींना लिही, त्यांना निदान मधेच पान उलटता येईल.

तर ऐक. मी ज्या विमा कंपनीत प्रोग्रॅमर आहे तिथे व्हर्नेल गेन्स नावाची एक बाई आहे. वय चाळीसच्या पुढे, उंच, चष्मा साखळीला लावलेला, आणि ब्लॅक. हे शेवटचं मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण पुढचं सगळं त्यावरच घडतं. दक्षिणेतल्या कॉलेजातून गणिताची पदवी पहिल्या वर्गात घेऊन ती अडुसष्ट साली इथे आली, तेव्हा तिला कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर बसवलं. गणितवालीला! (आपल्याकडे संस्कृतच्या पंडिताला पोस्टात शिक्के मारायला बसवतात तसं. पण निदान आपण त्याला पंडितजी तरी म्हणतो.) मशीनवर बसल्या बसल्या ती प्रोग्रॅमिंग शिकली, आणि आज सतरा वर्षांनी अशी स्थिती आहे की हप्त्याचा हिशोब कुठेही अडला की दहाव्या मजल्यावरचे साहेब सुद्धा तिलाच फोन करतात. तिची खुर्ची मात्र आहे तिथेच आहे.

मी त्र्याऐंशी साली लागले तेव्हा मला कुणी शिकवलं असेल? तिनेच. आणि तिसऱ्याच महिन्यात मी काय करून ठेवलं ते तुला आजवर सांगितलेलं नाही. विमाधारक वारला की त्याच्या घरी सांत्वनाचं पत्र जातं. त्या प्रोग्रॅममधे मी एक अट उलटी लिहिली, आणि चारशे बारा जिवंत माणसांना त्यांच्याच निधनाबद्दल दुखवट्याची पत्रं गेली. होबोकनच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं की माझी अंत्ययात्रा किती वाजता आहे, मलाही यायचं आहे. मी बाथरूममधे जाऊन रडत बसले. व्हर्नेलने मला बाहेर काढलं, चूक शोधायला लावली, स्वतः शोधून दिली नाही, आणि मग वर जाऊन आमचे साहेब ब्रिंकर यांना सांगितलं की चूक आमच्या विभागाची आहे, दुपारपर्यंत दुरुस्त होईल. माझं नाव घेतलं नाही. नंतर चारशे बारा माणसांना माफीची पत्रं आम्ही दोघींनी पाकिटांत भरली. मला तिने एवढंच बजावलं की उद्या वेळेवर ये, घरी बसलीस तर परत यायचा धीर होणार नाही.

आता ऑगस्टकडे ये. कंपनीला कॉलेजांतून नवी मुलं भरती करायची होती म्हणून रंगीत माहितीपत्रक छापायचं ठरलं, आणि फोटोग्राफर आला. त्याने सगळ्या मजल्यावरून बोट फिरवून व्हर्नेलला आणि मला निवडलं. (कशावरून निवडलं हे कळायला गणिताची पदवी लागत नाही.) तिला दाताच्या डॉक्टरसारखा पांढरा कोट घालायला लावला आणि हातात कॉम्प्युटरच्या टेपचं चाक दिलं, जे तिने गेल्या दहा वर्षांत धरलेलं नाही. माझ्या कपाळाकडे बघून त्याने विचारलं की तो लाल ठिपका घरी राहिला का. मग चाकाकडे कौतुकाने बघा म्हणाला. व्हर्नेलने हसऱ्या चेहऱ्याने माझ्या कानात सांगितलं की आपल्या डोळ्यांत कौतुक दिसत नसेल तर फ्लॅश वाढव म्हणावं. पत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर ती, खाली लिहिलेलं, ‘आमचं भविष्य’. भविष्याचं वय त्या दिवशी बेचाळीस होतं.

सप्टेंबरात आमच्या विभागाची मॅनेजरची जागा रिकामी झाली. ती कुणाला मिळणार यात आम्हा कुणालाच शंका नव्हती. शिवाय त्या जागेवर सहा जणींचं पोट होतं. दुसऱ्या मजल्यावर दिवसभर आकडे टाइप करून कॉम्प्युटरमधे भरणाऱ्या सहा बायका आहेत, सगळ्या ब्लॅक, आणि मार्चपासून ते काम बंद होणार असं त्यांना कळवलेलं आहे. व्हर्नेल वर्षभर त्यांना जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात प्रोग्रॅमिंग शिकवते आहे. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात पेन्सिल. त्यांतल्या चौघी तर मी लागले तेव्हा मी होते त्याहून तयार आहेत. मॅनेजर झाली असती तर त्यांना आमच्या विभागात घ्यायचा अधिकार तिला मिळाला असता. त्यांना विभागात घ्यावं असे अर्ज तिने याआधी तीनदा केले होते. तिन्ही वेळा उत्तर आलं की योग्य उमेदवार सापडत नाहीत. आणि त्या बसलेल्या दोन मजले खाली!

आणि अठरा ऑक्टोबरला ब्रिंकरने केबिनमधे मला बोलावून ती जागा मला दिली. मला! दोन वर्षं झालेल्या बाईला! वर हसत हसत म्हणाला, “एक बाई आणि एक अल्पसंख्य, दोन्ही रकाने एकाच नावात भरले.” (वरच्या जागांवर बायका किती, अल्पसंख्य किती, असा वॉशिंग्टनला पाठवायचा काही फॉर्म असतो.) मी विचारलं, व्हर्नेल? तो म्हणाला, तिचा विचार झाला होता, पण तिच्या फाइलमधे ते दुखवट्याच्या पत्रांचं प्रकरण आहे, देखरेख ढिली. मावशी, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर हात आपटला आणि त्याला ठणकावून सांगितलं की ती चूक माझी होती, तुमची फाइल खोटी आहे आणि तुमची जागा तुमच्याजवळ ठेवा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एवढ्यावर भागलं असतं, पण गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी होती. (रविवारी दुपारी एक वाजता. चंद्र सोमवारी येणार होता, पण मंगळवारी सगळ्यांना ऑफिस.) तिथे त्र्यंबककाकांनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, भूल देणारे डॉक्टर आहेत ते, हातात मसाला दुधाचा पेला घेऊन भाषण केलं की आपली उत्तरा कशी निव्वळ गुणवत्तेवर वर चढते आहे, नाही तर ते लोक सवलतींवर नोकऱ्या मिळवतात आणि काम करत नाहीत. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, काका, मला जागा फॉर्मचे रकाने भरायला मिळाली, आणि जे काम मला येतं ते ‘त्या लोकां’तल्या बाईने शिकवलं. बोलता बोलता माझ्या हातातला पेला कलंडला आणि दूध शेजारच्या सुमतीकाकूंच्या पैठणीवर सांडलं. त्यांनी ते मनावर घेतलं आहे, काकांचं बोलणं मात्र कुणीच मनावर घेतलं नाही.

असा हा देश, आणि असे आपण. चारुदत्तचा नमस्कार. गुडघा सांभाळ.

तुझी,
उत्तरा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं, आणि ते तुला असंच पाठवणं जमेना. मंडळात बोलले ते खरं आहे, दूधही खरं आहे. पण ब्रिंकरच्या केबिनमधे मी हात आपटला नाही. मी काहीच सांगितलं नाही. मी थँक यू म्हणाले, त्याच्याशी हात मिळवला आणि बाहेर आले. तो ठणकावणारा संवाद मी नंतर गाडीत, एकटी असताना, फार छान म्हटला. गेले दोन आठवडे मी मॅनेजर आहे.

ता. क. २. व्हर्नेल शुक्रवारी माझ्या नव्या केबिनमधे आली. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी ऐकणारं सरकारी ऑफिस नेवार्कला आहे, तिथे तिने तक्रार दाखल केली आहे. मी रडायला लागले, माफी मागायला लागले. तिने दार लावलं आणि मला मधेच थांबवलं. “तुला वाईट वाटतंय, ते तू घरी ठेव. मला ती पत्रं गेली त्या दिवशीची तारीख हवी आहे आणि तुझी सही.” ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी दोन पानी जबानी लिहिली. चूक माझी, तारीख ही, तिने नाव घेतलं नाही ते असं, ब्रिंकर रकान्यांबद्दल काय बोलला ते असं. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चौघींना विभागात घ्यावं असा अर्ज मॅनेजर म्हणून सही करून वर पाठवला. मला काढून टाकलं तरी तो अर्ज कुणाला तरी लेखी नाकारावा लागेल.

ता. क. ३. आता खरं काम. त्र्यंबककाका डिसेंबरात नागपूरला येत आहेत, ते पहिल्याच दिवशी आईकडे जाऊन उत्तराने कशी हातातली जागा घालवली हे सांगतील. आईने गल्लीभर पेढे वाटले आहेत. तिला तूच आधी सांग. जागा राहील की जाईल ते मला माहीत नाही, पण नुसतं तेवढं सांगून थांबू नकोस. चूक मी केली होती आणि दोन वर्षं ती दुसरीला भोवली, हेही सांग. मला फोनवर ते जमणार नाही, कॉलच्या तीन मिनिटांत मी पुन्हा काहीतरी शूर बोलून बसेन.

मंगळवारी अकरा वाजता मला साक्षीला नेवार्कला बोलावलं आहे. मी व्हर्नेलला म्हटलं, तुझ्याच गाडीतून येते. ती नको म्हणाली, साक्षीदाराने आपलं आपण यावं. आमची गाडी त्या दिवशी चारुदत्तकडे, म्हणून बसने जाते आहे.