हिरवं लागेपर्यंत

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! चौथा मजला, लिफ्ट चालू, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आणि मला स्वतःची खोली. आधीच्या कामावर पॅसेजमध्ये गादी टाकून झोपायचे, त्यामुळे इथे दाराला आतून कडी आहे हे बघूनच मी निम्मी खूश झाले. पेशंट म्हणजे आजोबा, वय एक्क्याऐंशी. दोन झटके येऊन गेलेत. वाचा गेली, पाय गेले, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलतात. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, दुसऱ्या शहरात राहतात. किल्ली, औषधांचा डबा आणि ही वही माझ्या हातात ठेवून दुपारच्या गाडीने गेल्यासुद्धा. वहीत पुढून रक्तदाब, गोळ्या, खाणं-पिणं लिहायचं. मागून मी माझं लिहिते.

आधीच्या मावशींचं विचारलं तर म्हणाल्या, न सांगता सोडून गेल्या. मी चौतीस वर्षांची, पण मलाही मावशीच म्हणतात. या कामात पाय ठेवला की बाईची मावशी होते, काय करणार.

जाता जाता ताईंनी बाल्कनीतली कुंडी दाखवली. व्हॅनिलाचा वेल, त्यांच्या आईने लावलेला. आई आता नाही. हातभर लांब देठ, सुरकुतलेली जाड पानं आणि बुडाशी काळा लगदा. याला जगवलंत तर फार उपकार होतील, म्हणाल्या. आजोबांबद्दल असं काही म्हणाल्या नाहीत.

४ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्या काकांना फोटो दाखवला. म्हणाले, बुंधा कुजलाय. कात्री स्पिरिटने पुसायची आणि काळं दिसेल ते कापत जायचं, हिरवं लागेपर्यंत. दयामाया करायची नाही. मला असली कामं आवडतात. पाच वेळा कापलं तरी आत काळंच, सहाव्यांदा छान ओलं हिरवं लागलं. आता जखम सावलीत सुकवायची आणि मग माती न घालता सालीच्या तुकड्यांत आणि शेवाळात रोवायचं. याला आधार लागतो, ओलसर आणि उबदार. पेरापेरातून मुळी सोडून तो आधार धरतो. आधार मनासारखा मिळाला की भराभर वाढत सुटतो म्हणाले, पण फुलाची वाट तीन वर्षं तरी बघायची नाही.

१२ फेब्रुवारी

फिजिओ येऊन गेले. आजोबांच्या बोटांत जोर येतोय. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं व्यायाम दिला तर दोन महिन्यांत स्वतः चमचा धरतील, म्हणाले. लिहायला एक पाटी आणि जाड पेनही देऊन गेले. आजोबांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वेलाला पहिली मुळी फुटली. सुतळीएवढी, पांढरी. दिवसभरात तीनदा जाऊन बघून आले.

१९ फेब्रुवारी

आज आजोबांनी अर्धा तास घाम गाळून पाटीवर एक शब्द लिहिला. काप. मला वाटलं नखं, म्हणून नखं कापली. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं आणि बाल्कनीकडे बघत राहिले. वेल कापायचा! असा राग आला. पंधरा दिवस मी त्याला तळहातावर जपलाय आणि हे पडल्या पडल्या फर्मान सोडणार. माणसाला माझ्या हाताचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. म्हटलं, खोड मोडलीच पाहिजे. कुंडी उचलली आणि त्यांच्या पलंगाला खेटून ठेवली. त्यांच्या छातीसाठी वाफेचं मशीन तिथेच चालू असतं, वेलाला ओलावाही मिळेल. आजोबांनी डोळे मिटले ते सूप घ्यायलासुद्धा उघडले नाहीत. मिटा म्हटलं, शेजार काही बदलायचा नाही.

२६ फेब्रुवारी

वेल सुटलाय! आठवड्यात चार नवी पानं, तकतकीत. आणि गंमत म्हणजे त्याने आजोबांचं मनगट धरलंय. तीन मुळ्या बोटांपर्यंत पोचल्यात. हलकेच ओढून बघितलं, सुटत नाहीत. हाताचा व्यायाम घ्यायचा तर त्या तुटणार, म्हणून व्यायामाला सुट्टी दिली. फिजिओंना बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फोन करून सांगितलं, ताप आहे, पुढचे दोन आठवडे येऊ नका.

ताईंचा फोन आला. आधी वेलाचंच विचारलं. मनगटाचंही सांगितलं. मग म्हणाल्या, राहू द्या, हात लावू नका.

४ मार्च

कळ्या! एका फांदीवर नऊ. नर्सरीवाले काका हसले, एवढ्यात शक्यच नाही म्हणाले.

आजोबांची बोटं आता हलत नाहीत. टाचणी टोचून पाहिली, त्यांना कळलंही नाही. रक्तही आलं नाही. ते सारखे पाटीकडे बघतात, म्हणून पाटी कपाटावर टाकली. मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. दोन महिन्यांत चमचा धरणार होते. पण आत्ता कापलं तर नऊच्या नऊ कळ्या जातील. फूल झालं की कापते.

९ मार्च

सकाळी पहिलं फूल उमललं. फिकट हिरवं-पिवळं. हे एकच सकाळ टिकतं आणि त्याचा परागही आपणच लावायचा असतो. काडीपेटीतल्या काडीने आतला पडदा उचलला आणि अंगठ्याने दाबलं. जमलं! आजोबांना सांगायला वळले.

ते गेलेले होते. कधी गेले, मला कळलंच नाही. मी पाठ करून बसले होते.

ताईंना फोन केला. त्यांनी विचारलं, फूल धरलं का?

१० मार्च

डॉक्टर मृत्यूचा दाखला देऊन गेले, मग शववाहिनीचे दोघे जण आजोबांना न्यायला आले. डॉक्टर यायच्या आधीच हात सोडवला होता. कापला नाही. कोमट पाणी आणि चमच्याचा दांडा वापरून एकेक मुळी सोडवली, एकही तुटली नाही. कातडी मात्र सोबत आली. त्या दोघांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. जुनी जखम आहे, मी म्हटलं.

ताई रविवारी येतील. तोवर फुलं सांभाळा म्हणाल्या. रोज एक उमलतंय.

१२ मार्च

चौथं फूल धरलं. जेवून वेलाजवळ खुर्चीत बसले आणि डोळा लागला. जाग आली तर उठवेना. डाव्या पायाच्या बोटांपासून घोट्यापर्यंत मुळ्या. दुखत नाही. काहीच होत नाही, पाय माझा नसल्यासारखा. हिसका दिला तर सगळी फांदी हलली. पाच कळ्या राहिल्यात, त्याच फांदीवर.

फूल झालं की कापते.

१३ मार्च

गुडघा वाकत नाही. कात्री स्वयंपाकघरात, सात पावलांवर. फोन माझ्या खोलीत, चार्जिंगला. खालपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले — कोणी आलं नाही. पाटी कपाटावरून दिसते, अर्धी बाहेर. आजोबांना माहीत होतं. त्यांनी ते माझ्यासाठीही लिहिलं होतं आणि मी त्यांची खोड मोडायला निघाले. मला भीती वाटते. आजोबा, मला फार भीती वाटते.

१५ मार्च

ताई आल्या. मी रडले, म्हटलं, आधी कात्री आणा. त्या फुलाकडे गेल्या. काडी घेतली, पडदा उचलला, दाबलं — माझ्यापेक्षा सफाईने. मग फडकं ओलं करून माझ्या गुडघ्यावर पसरलं.

म्हणाल्या, हलू नका मावशी, कळ्या गळतील. त्यांची आई अगदी शांत बसली होती म्हणे. आधीच्या मावशींनी फार धडपड केली, म्हणून तर बुंधा कुजला.

वही काढून घेतली नाही. लिहा म्हणाल्या, नोंद हवीच.

१६ मार्च

आवाज येत नाही. जीभ हलत नाही. उजवा हात तेवढा —

ताई फोनवर बोलतायत. चौथा मजला, लिफ्ट चालू, स्वतःची खोली. पेशंट म्हणजे माझी मावशी, वाचा गेलेली. नाही हो, आधीच्या बाई न सांगता सोडून गेल्या.

उद्या येणार आहे ती.

१७ मार्च

पायाची बोटं काळी पडलीत. ताई खाली बसल्यात — कात्री — स्पिरिटचा वास —

दयामाया करायची नाही, म्हणतात —

दुखत नाही. दोन बोटं गेली. काळं. अजून काळं —

घोट्याशी आल्या —

रक्त नाही. आत ओलं —

हिर